सिंहगडचा पोवाडा आणि उमरठ

वीरहून महाड ओलांडून पोलादपूरच्या बाजूस गेलें म्हणजे पुढें डोंगराळ मुलखांत उमरठ गांव लागतो. तानाजी मालुसऱ्याची समाधि येथें दाखवितात. तुळशीदास शाहिराच्या सिंहगडच्या पोवाड्यांत रायबाच्या लग्नाची गडबड चाललेली आहे ती याच गांवीं, आणि शिवाजी महाराजांचें बोलावणें येतें तेंही येथेंच. गोंधळ्यांनीं तुणतुण्यावर पिढ्यान् पिढ्या गाइलेलें आणि अलीकडे शाहिरांनीं बाजाच्या पेटीच्या सुरावरही घेतलेलें हें कवन संशोधकानें कोणत्या प्रतीचें साधन मानावें, एवढाच प्रश्न येथें विचारास घेतला आहे.

गड हस्तगत झाला तो माघ वद्य 9 शके 1591, म्हणजे 4 फेब्रुवारी 1670 रोजीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिलेल्या सभासद बखरींत तानाजीबरोबर पांचशें माणूस आहे. पैकीं तीनशें वर चढतात. पोवाड्यांत हाच आंकडा बारा हजारांवर गेला आहे. कडा चढणाऱ्या मावळ्यांस सभासद वानरांची उपमा देतो; घोरपडीचें नांव तो घेत नाहीं. तानाजी पडल्यावर बखरींत लोकांस सांवरतो तो भाऊ सूर्याजी. पोवाड्यांत तो मान वृद्ध शेलारमामाकडे जातो. तानाजीच्या मरणावरून कोंडाण्याचें नांव सिंहगड पडलें ही समजूत तर सर्वत्र रूढ असून हरि नारायण आपटे यांच्या 1903 च्या कादंबरीनें ती अधिकच दृढ केली. परंतु महाराजांच्या 3 एप्रिल 1663 च्या पत्रांत सिंहगड हेंच नांव आलेलें आहे. अस्सल पत्रापुढें दंतकथेची मातब्बरी चालत नाहीं.

म्हणून पोवाडा टाकाऊ ठरतो काय? आमच्या मतें नाहीं. सभासदानें मोहीम सांगितली. रायबाचें लग्न किंवा उमरठ यांचा उल्लेख त्यानें केला नाहीं. तीं गोंधळ्यांच्या तोंडीं राहिलीं. स्वारीची संख्या पोवाड्यावरून ठरवूं नये. पण मोहिमेची कोणती आठवण लोकांनीं जतन केली, हें सांगणारा त्याच्यासारखा दुसरा साक्षी नाहीं.

हा साक्षी मात्र आतां एकाच जबानीवर येऊं लागला आहे. ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं 1891 त पोवाड्यांचा संग्रह छापला. यशवंत नरसिंह केळकरांनीं 1928 पासून ऐतिहासिक पोवाड्यांचे खंड काढले. या उपकाराची फेड होणें नाहीं. तथापि छापील पाठ हातीं आला कीं गाणाराही त्याच्याच मागें जातो, आणि त्याच्या घराण्यांतील कमीअधिक चरण मुकाट्यानें लोपतात.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, महाड-पोलादपूर भागांत गोंधळ्यांच्या वा शाहिरांच्या घरीं या पोवाड्याची चोपडी अथवा सुटें पान मिळाल्यास तें छापील पुस्तकावरून दुरुस्त करूं नये. लेखनकाल, नकल करणाराचें नांव आणि पाठ कोणापासून आला, एवढें टिपून जसेंच्या तसें उतरून घ्यावें. ज्यास आज आपण अशुद्ध म्हणूं, तोच चरण कदाचित् सर्वांत जुना असेल.