सहा धावा कमी

आमच्या घराण्यात मधुमेह नाही, रक्तदाब नाही. पण हरणारा सामना पैसे मोजून पाहायला जाण्याचा रोग मात्र तीन पिढ्यांचा आहे. माझगावात आमच्या चाळीत इतरांच्या भिंतींवर पूर्वजांच्या तसबिरी होत्या, आमच्याकडे पूर्वजांचे पराभव होते. तेही तोंडपाठ.

सुरुवात आजोबांनी केली. डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. त्या जिमखान्यात एरवी हिंदी माणसाला सभासद करून घेत नसत. पण हरायला यायचं आमंत्रण मात्र होतं. दुसऱ्या डावात लाला अमरनाथनं पदार्पणातच ११८ धावा काढल्या. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असं सांगतात. आजोबांच्या अंगावर दागिना नव्हता, म्हणून त्यांनी टोपी उडवली. ती परत खाली आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर. इंग्लंडनं सामना ९ गडी राखून जिंकला आणि आजोबा बोडक्या डोक्यानं घरी आले. आजी दारातच रडायला लागली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं!

मग अण्णांची पाळी आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढे गोदीत कारकून झाले. पण फेब्रुवारी १९४९ मध्ये ते १७ वर्षांचे होते आणि ब्रेबर्न स्टेडियमवर होते. समोर वेस्ट इंडीज. शेवटच्या डावात आपल्याला ३६१ धावा हव्या होत्या. हजारेंनी १२२ काढल्या, फडकर शेवटपर्यंत झुंजत राहिले आणि धावफलकावर ८ बाद ३५५ लागले. सहा धावा हव्यात, षटकातला एक चेंडू शिल्लक आहे, घड्याळात मिनिट-दीड मिनिट आहे, आणि अंपायरनं बेल्स उचलल्या! खेळ खलास. सामना अनिर्णित, मालिका हातची गेली.

आता ही नुसती चुटपूट नव्हे. १९३२ पासून आपण कसोटी खेळत होतो आणि तोवर एकही जिंकलो नव्हतो. त्या सहा धावा झाल्या असत्या, तर देशाचा पहिला विजय अण्णांनी डोळ्यांनी पाहिला असता. तो विजय पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये आला, पण कुठे? मद्रासला! अण्णांना तेवढी रजाही नव्हती आणि गाडीभाडंही नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात कमी पडलेली कुठलीही गोष्ट सहा धावांत मोजतात. आमटीत मीठ कमी असलं तरी अण्णा आईला एवढंच म्हणायचे, "सहा कमी."

माझी मुंज क्रिकेटमध्ये लागली ती जानेवारी १९७५ मध्ये. ब्रेबर्नवाल्यांशी तिकिटांवरून भांडण झालं म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशननं शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानं शेजारीच नवं स्टेडियम बांधलं होतं. पहिलाच कसोटी सामना, तोही सहा दिवसांचा, कारण मालिका २-२ अशी बरोबरीत होती. अण्णांनी रजा टाकली. डॉकयार्ड रोडला गाडी धरून बोरीबंदरला उतरायचं, मग चालत चर्चगेट गाठायचं. हातात पितळी डबा, त्यात आईनं दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी.

क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. मी उभ्या आयुष्यात इतक्या वेळा मान वळवून सीमारेषेकडे पाहिलं नव्हतं. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक भाबडा प्रेक्षक अभिनंदन करायला मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला बडवला. मग जी दंगल उसळली, तिच्यात खेळ थांबला. अण्णांनी मला बाकाखाली बसवलं आणि डबा उघडला. "खाऊन घे," म्हणाले, "लॉइड कुठे जात नाही." आपल्या सोलकरनंही शतक काढलं, पण शेवटी २०१ धावांनी हरलो. परतताना अण्णा म्हणाले, "अनुभव आला ना तुला?" शाळेच्या दाखल्यावर सही केल्यासारखा चेहरा होता.

पुढचं सांगायचं म्हणजे नुसती यादीच. फेब्रुवारी १९८० मधला सुवर्णमहोत्सवी सामना : बोथमचं शतक, शिवाय १३ बळी, आणि आपण १० गड्यांनी गारद. त्या सामन्यात १६ तारखेला खग्रास सूर्यग्रहण म्हणून विश्रांतीचा दिवस ठेवला होता. आई म्हणाली, "सूर्याचं सुटलं, तुमचं काही सुटत नाही." १९८१ मध्ये त्याच इंग्लंडला आपण त्याच मैदानावर १०२ धावांत गुंडाळलं, तेव्हा मला कावीळ झाली होती आणि अण्णा माझ्या उशाशी ताकाचा पेला घेऊन बसले होते. ५ नोव्हेंबर १९८७ ला विश्वचषकाची उपांत्य फेरी. आम्ही ठणठणीत बरे, म्हणजे हजर. गूचनं झाडू मारल्यासारखे स्वीप मारून ११५ काढल्या, गावसकर ४ वर त्रिफळाचित झाला आणि ३५ धावांनी हरलो. त्याचा तो शेवटचा एकदिवसीय सामना ठरला. तोही आम्हीच पाहायचा होता!

अण्णा म्हणाले, "आता फक्त मुंबईच्या सामन्याला जायचं. मुंबई हरत नाही." म्हणणं रास्त होतं. मुंबईनं १९५८-५९ पासून ओळीनं १५ वेळा रणजी करंडक जिंकला होता. म्हणून मे १९९१ मध्ये हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना पाहायला आम्ही निर्धास्त मनानं गेलो. विजयाला ३५५ हव्या होत्या. तेंडुलकरनं ९६ काढल्या, वेंगसरकर १३९ वर नाबाद, आणि अखेरचा गडी कुरुविला धावबाद! ३५२. दोन धावांनी हार. वेंगसरकर मैदानातच रडला. मी शेजारी पाहिलं, तर अण्णा चष्मा पुसत होते. "सहा होत्या," म्हणाले, "आता दोनवर आलंय. प्रगती आहे." पण त्यानंतर ते कधी स्टेडियमवर गेले नाहीत.

आम्हीच पनवती आहोत, हे तोवर चाळीत सर्वमान्य झालं होतं. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याचा एक पास माझ्या हाती आला होता. खोटं कशाला सांगू, मी तो मेहुण्याला दिला. बायको म्हणाली होती, "अहो, निदान देशासाठी तरी घरी बसा!" मी बसलो. विश्वचषक आला. माझ्या त्यागाची नोंद कुठल्याही पुस्तकात नाही.

याच मेहुण्यानं शिकागोला मुलाकडे गेल्यावर मला धीर दिला. तिथल्या कब्ज नावाच्या बेसबॉल संघानं १९०८ नंतर जेतेपद पाहिलं ते थेट २०१६ मध्ये. १०८ वर्षं! म्हणे १९४५ मध्ये कुणा गुत्तेवाल्याच्या बोकडाला मैदानातून हाकललं, त्याचा शाप. तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या जात राहिले. मला एकदम चुलत्यांचं घर सापडल्यासारखं वाटलं.

म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मी पुन्हा गेलो. न्यूझीलंडनं बंगळूर आणि पुणे जिंकलं होतं. आता आणखी काय बिघडणार? तिसरा दिवस रविवारचा, भाऊबीजेचा. बहीण डोंबिवलीहून ओवाळायला येणार होती. "जेवायच्या वेळेला येतो," म्हटलं. हव्या होत्या फक्त १४७. बघता बघता ५ बाद २९. पंतनं ६४ काढून जरा जीवात जीव आणला आणि मग १२१ वर सगळं आटोपलं. बळी कुणी घेतले? एजाझ पटेलनं, सामन्यात ११. जन्म आमच्या मुंबईतला! मायदेशी तीन सामन्यांची मालिका तिन्ही हरून गमावण्याची ही पहिलीच वेळ, आणि मी जेवायच्या वेळेला घरी.

अण्णा ९२ वर्षांचे. ऐकू कमी येतं, म्हणून टीव्ही बंद करून खिडकीशी बसले होते. मी चपला काढतोय तोच त्यांनी विचारलं,

"कितीनं गेली?"

"पंचवीस," मी बोटांनी दाखवलं.

त्यांनी तुच्छतेनं मान हलवली. "आमच्या वेळी सहाच कमी पडल्या होत्या." मग बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बस. पहिल्यापासून सांग."

बहीण निरांजन घेऊन उभी होती. तिला थांबायला सांगून मी पहिल्या षटकापासून सुरुवात केली.