भाजावळीची कुळकथा

भाताचं रोप जिथे वाढवायचं ती जागा पावसाआधी भाजून काढायची, ही कोकणातली जुनी रीत. तिचं नाव राब. खाली शेणाचा थर, त्यावर सादडाची कवळ (छाटलेल्या फांद्या), मग पालापाचोळा नि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा हात. माती नसली तर राख वाऱ्यावर जाते. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे आग रेंगाळत पुढे सरकते. राब धुमसायला हवा. भडाभडा पेटला तर नुसता पाला जळतो, जमीन कच्चीच राहते.

या आगीला नावं ठेवणारे पुष्कळ झाले. इंग्रजी जंगलखात्याला कवळतोड म्हणजे जंगलाचा नाश वाटे. त्यांनी निर्बंध घातले तशी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं: राब नाही तर भात नाही. आणि ते खोटं नव्हतं. आच लागली की तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, शिवाय रोप उपटताना मूळ तुटत नाही. एवढी कामं करणारी काडी नुसत्या दटावणीने कोण टाकेल?

राबाची गरज मुळात लावणीमुळे. रोप वाढवा, उपटा, चिखलणी करा, मग दिवसभर कमरेत वाकून लावा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी ही साखळीच तोडली. त्यांच्या सगुणा राईस तंत्रात, म्हणजे ‘एसआरटी’त, गादीवाफे एकदाच करायचे. लोखंडी साच्याने त्यावर भोकं पाडून बी थेट टोकायचं. पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा. रोपच करायचं नाही, तर भाजायचं काय?

यातली अडचण तणाची. आग जे करायची ते इथे बहुधा तणनाशक करतं. धूर गेला नि पाठीवर पंप आला, हा हिशेब प्रचार करणाऱ्यांनी झाकू नये. तरी माझा कौल या पद्धतीलाच. कवळीसाठी दरसाल सादड बोडकं करण्यापेक्षा आणि बायकांच्या कमरा मोडण्यापेक्षा ती बरी. फक्त पहिल्याच वर्षी सगळी शेती तिच्याखाली घालू नका. एक खाचर घ्या, तण किती माजतं ते बघा, आणि बाकीच्याचं पुढच्या पावसाआधी ठरवा.