गाण्याच्या तासाला ज्या पोरीचा आवाज चालला नाही, तिनं कांजीवरम नेसून नाइटक्लब गाजवले

मायली सायरसचं 'फ्लॉवर्स' तुमच्या फीडवर एकदा तरी येऊन गेलं असेल. पण त्याच गाण्याचा आणखी एक व्हिडीओ मध्यंतरी जोरात फिरला होता. त्यात पंचाहत्तरी ओलांडलेली एक बाई होती. अंगावर जरीकाठाची साडी, कपाळावर रुपयाएवढी टिकली, केसांत फुलं, हातभर बांगड्या. आणि आवाज असा भारदस्त की डोळे मिटून ऐकलं तर गाणं अमेरिकेतलं आहे की आपल्याकडचं, हेच कळू नये.

कमेंटमध्ये पोरं विचारत होती, या आजी कोण?

या आजी म्हणजे उषा उत्थुप. नाव नवीन वाटलं तरी आवाज तुमच्या ओळखीचा आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडं वरातीत बँडवाल्यानं 'कोई यहाँ नाचे नाचे' किंवा 'रंबा हो'ची चाल धरली की नवरदेवाच्या मामापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे नाचायला उतरतात. ती गाणी मुळात याच आवाजातली.

पण हा आवाज बाईचा वाटत नाही म्हणून नाकारला गेला होता. नंतर ही गाणी समाजाला बिघडवतात म्हणून एका मंत्र्यानं त्यांना सभागृह मिळू दिलं नाही. प्रकरण थेट हायकोर्टात गेलं. त्याचीच ही सगळी स्टोरी.

भायखळ्याची पोलीस लाइन आणि रेडिओ सिलोन

उषा यांचा जन्म नोव्हेंबर १९४७ चा, मुंबईतला. घर तमिळ, आडनाव सामी. वडील पोलीस खात्यात, त्यामुळं बालपण भायखळ्याच्या लव्ह लेनमधल्या पोलीस क्वार्टर्समध्ये गेलं. सहा भावंडांत उषा पाचवी.

घरात कुणी गायनाचे क्लास लावले नव्हते, पण रेडिओ चालू असायचा. त्यावर बडे गुलाम अली खाँही लागायचे, कर्नाटक संगीतही लागायचं आणि पाश्चात्त्य सिंफनीही. शेजारी पठाण नावाचे पोलीस अधिकारी राहायचे. त्यांची मुलगी जमिला हिच्यामुळं उषाला हिंदीची आणि हिंदुस्थानी संगीताची गोडी लागली. घरात तमिळ, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर मराठी. पुढं एकाच कार्यक्रमात चार भाषांत गाण्याची जी सवय दिसते, तिचं मूळ या चाळवजा वस्तीत आहे.

शाळेत मात्र गडबड झाली. गाण्याच्या तासाला सगळ्या मुलींचे आवाज बारीक आणि उंच, उषाचा एकटीचा जाड. कोरसमध्ये तो बसेना म्हणून तिला गाण्यातून बाजूला काढण्यात आलं. पण पोरीला ताल कळतो हे बाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तिच्या हातात वाजवायला ट्रँगल आणि टाळ्यांची वाद्यं दिली.

मोठ्या बहिणी आधीपासून गायच्या. त्यातल्या उमा पोचा यांचं 'बॉम्बे मेरी है' हे गाणं पुढं बरंच गाजलं. बहिणींनीच नऊ वर्षांच्या उषाला अमीन सायानी यांच्यापर्यंत नेलं आणि रेडिओ सिलोनच्या 'ओव्हल्टीन म्युझिक अवर'मध्ये तिनं 'मॉकिंगबर्ड हिल' हे इंग्रजी गाणं म्हटलं. शास्त्रशुद्ध शिक्षण तेव्हाही नव्हतं, नंतरही झालं नाही.

नाइटक्लबमध्ये साडी?

१९६९ साल. मद्रासच्या माउंट रोडवर सफायर नावाचं थिएटर होतं. त्याच्या तळघरात 'नाइन जेम्स' हा छोटासा नाइटक्लब. तिथं एक दिवस विशीतली एक मुलगी साडी नेसून माइकसमोर उभी राहिली आणि इंग्रजी गाणी म्हणू लागली.

नाइटक्लबची गायिका म्हटलं की तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर झगमगीत गाऊन यायचा. हिंदी सिनेमानं तर क्लबात गाणारी बाई म्हणजे खलनायकाच्या टोळीतली, असं पक्कं करून ठेवलं होतं. आणि इथं समोर एक मध्यमवर्गीय घरातली मुलगी, देवळात जाताना नेसावी तशी साडी नेसलेली. उषा घरीही साडीच नेसायच्या, तीच नेसून त्या स्टेजवर आल्या. क्लबच्या मालकाला हा प्रकार इतका आवडला की त्यानं त्यांना आठवडाभर थांबवून घेतलं.

जो आवाज शाळेच्या कोरसमध्ये बसत नव्हता तो क्लबमध्ये का चालला, हे समजून घेण्यासारखं आहे. कोरसला सगळे आवाज एकसारखे लागतात. जॅझमध्ये उलटं असतं. तिथं प्रत्येक गायकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा असावा लागतो. त्यात क्लबची खोली लहान, माइक ओठांजवळ, समोर पंचवीस-तीस टेबलं. तिथं ओरडून गाण्याची गरज नसते, बोलल्यासारखं गावं लागतं. खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत आवाज अशा ठिकाणी थेट ऐकणाऱ्याच्या टेबलावर येऊन बसतो. पाश्चात्त्य संगीतात स्त्रियांच्या या खालच्या पट्टीला काँट्राल्टो म्हणतात आणि तिथं त्याचा मान मोठा आहे.

आपल्याकडं मात्र त्या काळात बाईचा गोड आवाज म्हणजे उंच आणि बारीक आवाज, हे गणित सिनेमानं घट्ट बसवलं होतं. तीन सप्तकांत फिरणाऱ्या लताबाईंच्या आवाजाशी प्रत्येक गायिकेची तुलना व्हायची.

मद्रासनंतर मुंबईत मरीन ड्राइव्हजवळचं 'टॉक ऑफ द टाउन' झालं आणि मग कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज'. पार्क स्ट्रीट तेव्हा देशातल्या जॅझ आणि पॉपचा अड्डा होता. ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स अशा एकाच रस्त्यावरच्या हॉटेलांत रोज लाइव्ह बँड असायचे. 'आप जैसा कोई'चा संगीतकार बिड्डू तरुणपणी याच ट्रिंकाजमध्ये वाजवून गेलेला. इथंच उषा यांची भेट केरळच्या जानी चाको उत्थुप यांच्याशी झाली. तोवर रेकॉर्डवर त्यांचं नाव उषा अय्यर असं छापून यायचं. लग्नानंतर त्या उषा उत्थुप झाल्या आणि पुढं कलकत्त्याच्याच होऊन गेल्या.

'दम मारो दम' हुकलं

दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात त्या गात असताना सिनेमावाल्यांनी त्यांना ऐकलं. १९७० च्या 'बॉम्बे टॉकी' या इंग्रजी चित्रपटात शंकर-जयकिशनच्या संगीतावर त्या गायल्या. मग देव आनंदच्या 'हरे रामा हरे कृष्णा'साठी बोलावणं आलं.

उषा यांनी अनेकदा सांगितलंय की 'दम मारो दम' हे आशा भोसले आणि त्या मिळून गाणार होत्या. प्रत्यक्षात ते गाणं आशाताईंच्या आवाजात आलं आणि अजरामर झालं. उषा यांच्या वाट्याला त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या गाण्याचा इंग्रजी भाग आला.

इथं बहुतेक जण नशिबाला दोष देत बसले असते. पण उषा यांचं घर सिनेमावर चालत नव्हतं. क्लब होते, देशभरचे स्टेज शो होते, इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या होत्या. 'जांबलाया' आणि 'ग्रीनबॅक डॉलर' ही त्यांनी रेकॉर्ड केलेली गाणी चांगली खपली होती. १९७२ च्या 'बॉम्बे टू गोवा'मध्ये तर त्या क्लबच्या प्रसंगात स्वतः पडद्यावर गाताना दिसतात. टीव्हीवर तो पिक्चर लागला की नीट बघा.

कार्यक्रमांसाठी त्या केनियालाही गेल्या. तिथं नैरोबीत त्यांनी स्वाहिली भाषेत गायला सुरुवात केली. 'मलायका' हे तिथलं घराघरांतलं प्रेमगीत त्यांनी असं काही म्हटलं की लोकांनी त्यांना आपलंच मानलं. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना मानद नागरिकत्व दिलं.

मग आले बप्पीदा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी डिस्कोची लाट आली. आर. डी. बर्मन यांनी 'शालिमार'मध्ये 'वन टू चा चा चा' आणि 'शान'मध्ये 'दोस्तों से प्यार किया' त्यांना दिलं. पण खरी जोडी जमली ती बप्पी लाहिरींशी. 'प्यारा दुश्मन'चं 'हरी ओम हरी' १९८० मध्ये, 'अरमान'चं 'रंबा हो' १९८१ मध्ये आणि 'डिस्को डान्सर'चं 'कोई यहाँ नाचे नाचे' १९८२ मध्ये आलं.

यातल्या काही चाली बाहेरून आलेल्या होत्या, हेही सांगायला हवं. 'हरी ओम हरी'चं मूळ 'इरप्शन' या बँडच्या 'वन वे तिकीट'मध्ये सापडतं आणि 'कोई यहाँ नाचे नाचे'चं 'बगल्स'च्या 'व्हिडीओ किल्ड द रेडिओ स्टार'मध्ये. पण दोन्ही शेजारी लावून ऐका. मूळ गाणी हलकी, तरंगणारी वाटतात. उषा यांच्या आवाजात त्यांना जमिनीवर पाय आपटल्यासारखा जोर येतो. ढोल, बेस गिटार आणि सिंथेसायझरच्या गोंगाटात बारीक आवाज हरवला असता. हा आवाज त्या सगळ्यांना पुरून उरला.

आणि मंत्र्यांनी म्हटलं, ही अपसंस्कृती

उषा यांची गाणी देशभर वाजत असताना त्यांच्या स्वतःच्या शहरात वेगळंच पेटलं होतं. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचं सरकार होतं. त्यातले सार्वजनिक बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांचं म्हणणं होतं की इंग्रजी पॉप गाणी आणि क्लबचं संगीत ही 'अपसंस्कृती' आहे. तरुणांना बिघडवणारी, आपल्या मातीतली नसलेली. आणि उषा उत्थुप हा त्याचा चेहरा.

गोष्ट नुसत्या भाषणापुरती राहिली नाही. कलकत्त्याच्या महाजाती सदनात उषा यांचा कार्यक्रम ठरला होता. या वास्तूची पायाभरणी १९३९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या हस्ते झालेली. तिथं कार्यक्रमाला परवानगी नाकारली गेली.

अशा वेळी कलाकारापुढं सोपे रस्ते दोन असतात. एक तर मंत्र्यांना भेटून मिटवून घ्यायचं, नाही तर शहर सोडायचं. मुंबई तर जन्मगावच होतं. उषा यांनी तिसरा रस्ता धरला आणि कलकत्ता हायकोर्टात याचिका टाकली.

मुद्दा साधा होता. राज्यघटनेच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तीचं आणि आपला व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य दिलंय. गाणं ही अभिव्यक्तीही आहे आणि गायिकेचा पोटापाण्याचा व्यवसायही. मग एखाद्या मंत्र्याला गाणं आवडत नाही, एवढ्या कारणावरून सभागृह नाकारता येतं का?

१९८४ मध्ये कोर्टानं निकाल उषा यांच्या बाजूनं दिला. 'उषा उत्थुप विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य' या नावानं हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे. अभिव्यक्ती स्वातंत्र्याची चर्चा निघते तेव्हा तो आजही काढला जातो.

सांगायची गंमत अशी की ज्या बाईला परक्या संस्कृतीची म्हटलं, ती कायम साडीत होती आणि तिच्या कपाळावरच्या टिकलीत आज बंगालीतलं 'क' हे अक्षर असतं. क म्हणजे कोलकाता.

पुढं काय झालं?

डिस्कोची लाट ओसरली, पार्क स्ट्रीटवरचे बँडही कमी होत गेले. उषा गात राहिल्या. भारतातल्या सतराएक भाषांत त्यांनी गाणी म्हटली आहेत, त्यात मराठीही आहे. ए. आर. रहमानच्या संगीतावर 'दौड'चं शीर्षकगीत आलं, 'कभी खुशी कभी गम'मधलं 'वंदे मातरम' आलं. विशाल भारद्वाजच्या '७ खून माफ'मधल्या 'डार्लिंग'साठी त्यांना रेखा भारद्वाज यांच्यासोबत फिल्मफेअर मिळालं. हिंदी सिनेमात पहिल्यांदा गाऊन तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती.

मधल्या काळात साडीच्या कापडानं मढवलेले स्पोर्ट्स शूज ही त्यांची नवी ओळख झाली. तासन्‌तास उभं राहून गायचं तर पाय दुखतात, आणि बूट साडीला शोभायलाही हवेत. मग मोच्याकडून बुटांवर साडीचे काठच लावून घेतले.

२०११ मध्ये पद्मश्री आणि २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं. २०२४ च्या त्या यादीत 'डिस्को डान्सर'चा हिरो मिथुन चक्रवर्तीही होता. आणि यादीत उषा उत्थुप या नावापुढं राज्य लिहिलेलं होतं पश्चिम बंगाल.

ऐकायचं असेल तर

फक्त डिस्को ऐकून थांबू नका. या क्रमानं ऐकलं तर आवाजाचा आवाका कळतो.

१. 'जांबलाया' – क्लबमधली उषा अय्यर ऐकायची तर इथून सुरुवात करा.
२. 'मलायका' – हाच जाड आवाज किती हळवा होतो ते इथं कळतं.
३. 'हरी ओम हरी' – बप्पीदांसोबतचा दणका.
४. 'दोस्तों से प्यार किया' – पंचमदांनी आवाजातला रुबाब नेमका ओळखलेला.
५. 'डार्लिंग' – साठी ओलांडल्यावरचा कडक आवाज.

आजही गावोगावच्या शाळांत गॅदरिंगच्या तालमीत एखाद्या मुलीला, तुझा आवाज मुलासारखा येतो, तू मागं उभी राहा, असं सांगितलं जातं. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला ही पाच गाणी पाठवा.