रुंद टायर, मडगार्ड आणि लांबचा रस्ता

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींकडे एकदा नीट पाहा. एका बाजूला जुन्या घाटाच्या काळ्या सायकली दिसतील. त्यांना पुढे-मागे पत्र्याची मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि स्टँड असतो, आणि टायरच्या बाजूवर २८ × १½ असा आकडा उमटवलेला असतो. दुसऱ्या बाजूला वाकड्या हँडलची, बारीक टायरची, मडगार्ड नसलेली एखादी सायकल असेल. 'लांबच्या प्रवासाला यातली कोणती बरी?' असे मुलांना विचारले, तर बहुतेक हात दुसऱ्या सायकलीकडे जातील. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: टायर बारीक म्हणून घर्षण कमी, मडगार्ड नाही म्हणून वजन कमी.

हे उत्तर केवळ मुलांचेच नाही. गेल्या शतकातला बराच काळ सायकली बनवणाऱ्या कारखान्यांचेही तेच मत होते. ते कसे तयार झाले, त्याला कोणी विरोध केला आणि अखेर ते कसे बदलले, हा सारा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते. आपण प्रयोग कोणत्या परिस्थितीत करतो यावर त्याचे उत्तर किती अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट होते.

सुरुवात जाड टायरने झाली

हवा भरलेल्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली मांडली आणि तिचे पेटंटही घेतले. पण तेव्हा सायकलच नव्हती, त्यामुळे ती कल्पना विस्मरणात गेली. पुढे बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी स्वतंत्रपणे असे टायर तयार केले आणि १८८८ साली पेटंट मिळवले.

त्या काळच्या सायकलींना भरीव रबराच्या बारीक धावा असत. त्यांच्यापुढे डनलॉपचे फुगीर टायर बेढब दिसत आणि लोक हसत. १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतींमध्ये विल्यम ह्यूम हे टायर लावून उतरला आणि जिंकला, तेव्हा हसणे थांबले. म्हणजे हवेच्या टायरचा पहिला विजय हा बारीक आणि कडक धावेवर जाड आणि मऊ धावेने मिळवलेला विजय होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सायकलजगतालाच तिचा विसर पडला.

डनलॉपचे टायर चाकाला चिकटवलेले असत आणि पंक्चर काढणे हे फार वेळखाऊ काम होते. फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९१ साली काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्तपर्यंत जाऊन परत येण्याची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. मिशलँ टायर वापरणारा शार्ल तेरों ती सुमारे ७१ तासांत, न झोपता पूर्ण करून पहिला आला. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा इतिहास येथून सुरू होतो.

दोन वाटा

यानंतर फ्रान्समध्ये सायकलीच्या विचाराला दोन वाटा फुटल्या.

एक वाट शर्यतीची होती. १९०३ साली आँरी देग्राँज यांनी 'तूर द फ्रान्स' सुरू केली. शर्यत ही माणसाच्या ताकदीची कसोटी आहे, यंत्राने तिला मदत करू नये, असे त्यांचे मत होते. म्हणून डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी गिअरची रचना, या शर्यतीत थेट १९३७ पर्यंत वापरू दिली नाही.

दुसरी वाट प्रवासी सायकलस्वारांची. तिचे अध्वर्यू पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे सेंत-एत्येनचे. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत आणि १८८७ पासून सायकलीवरचे एक नियतकालिक चालवत. सेंत-एत्येन डोंगराळ भागात आहे. तेथे त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. वेगवेगळे गिअर, वेगवेगळ्या आकाराची चाके आणि टायर लावायचे, लांबवर जायचे आणि आलेला अनुभव छापायचा, अशी त्यांची पद्धत होती. शर्यतीचे लोक ज्याला सुखासीनपणा म्हणत, त्या गिअरचा आणि जाड टायरांचा त्यांनी उघड पुरस्कार केला.

या परंपरेतून १९३४ पासून फ्रान्समध्ये सायकलींच्या तांत्रिक स्पर्धा भरू लागल्या. त्यांत स्वारापेक्षा यंत्राची परीक्षा असे. सायकल पूर्ण हवी, म्हणजे मडगार्ड, दिवे आणि सामानाची जागा यांसह. ती खराब डोंगरी रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर चालवायची. काही सैल झाले, तुटले की गुण कापले जात. अलेक्स सिंगर, रने एर्स यांच्यासारख्या पॅरिसच्या कारागिरांनी या स्पर्धांसाठी मडगार्ड-दिव्यांसह सुमारे ७ किलो वजनाच्या सायकली १९४० च्या दशकात बनवल्या. आपल्या काळ्या सायकलीचे वजन साधारण २० किलोच्या आसपास भरते, हे लक्षात घेतले की या कामगिरीचा अंदाज येतो. त्यांची मडगार्ड ॲल्युमिनियमची होती आणि टायर बरेचदा ३८ ते ४२ मिलिमीटर रुंद, पण पातळ आणि लवचिक कापडाचे होते.

बारीक टायर का जिंकला?

तरीही सामान्य गिऱ्हाईक शर्यतीच्या सायकलीमागे गेले. शर्यत वर्तमानपत्रात दिसते, प्रवासी दिसत नाही. १९८०-९० च्या दशकांत शर्यतीचे टायर २० ते २३ मिलिमीटरवर आले आणि त्यांत सुमारे ८ वातावरण दाबाची हवा भरली जाऊ लागली. सायकलीची चौकट आणि ब्रेक यांच्यात इतकी कमी जागा ठेवली जाऊ लागली की मडगार्ड बसवायचे म्हटले तरी बसेना. शर्यतीत न उतरणाऱ्यांनाही दुकानात तीच सायकल मिळे.

यामागे मोजमापाचाही आधार होता. टायरचा रोध मोजण्यासाठी तो एका गुळगुळीत पोलादी पिंपावर फिरवत. पिंपावर हवेचा दाब जितका जास्त, तितका रोध कमी भरे. मग अधिक दाब चांगला, आणि अधिक दाब सोसायला बारीक टायर बरा, असा निष्कर्ष निघाला. मोजमाप चुकीचे नव्हते. पण रस्ता म्हणजे पोलादी पिंप नव्हे.

टायर जमिनीला टेकतो तेव्हा

आता थोडे पदार्थविज्ञान पाहू. एका चाकावर ४० किलोचा भार आहे असे धरा. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब असेल, तर तो भार पेलायला जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ सुमारे ५ चौ. सें.मी. हवे. दाब ४ किलो असेल तर १० चौ. सें.मी. हवे. म्हणजे हे क्षेत्रफळ मुख्यतः दाबावर ठरते, टायरच्या रुंदीवर नाही. रुंदीने त्याचा आकार बदलतो. बारीक टायरचा ठसा लांबट पडतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा.

टायरचा रोध हा जमिनीशी घासण्यातून फारसा येत नाही. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग दबतो आणि पुन्हा सुटतो. दबताना दिलेली सगळी ऊर्जा सुटताना परत मिळत नाही, थोडी उष्णतेत जाते. त्यामुळे दाब सारखाच असेल तर रुंद टायर कमी खोल दबतो आणि त्याचा रोध उलट थोडा कमी असतो. शिवाय टायरचे कापड आणि रबर जितके पातळ व लवचिक, तितका तोटा कमी.

येथे एक घोटाळा उलगडतो. आपली काळी सायकल जड चालते ते तिचा टायर रुंद आहे म्हणून, असे आपण समजतो. पण तो टायर जाड रबराचा, ताठ आणि वजनदारही असतो. दोन गोष्टींत एकाच वेळी तीन फरक असतील, तर परिणाम कोणत्या फरकाचा हे सांगता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलावे, हा धडा आपण आठवीला शिकवतो. सायकलीबाबत मात्र तो मोठ्या माणसांनीही पाळला नाही.

दुसरा मुद्दा खडबडीत रस्त्याचा. कडक टायर खड्याला सामावून घेत नाही. सायकल आणि स्वार दोघेही उचलले जातात. ही ऊर्जा पुढे जाण्यासाठी परत मिळत नाही. ती स्वाराच्या हातांच्या, पाठीच्या, मांड्यांच्या स्नायूंत जिरते. मऊ टायर खड्याभोवती दबतो आणि स्वार जवळपास समपातळीत राहतो. पिंपावरच्या प्रयोगात स्वार नव्हता आणि खडेही नव्हते, म्हणून हा तोटा मोजलाच गेला नाही.

२००० नंतरच्या दशकात जॅन हाइने यांच्या अमेरिकेतील सायकलविषयक त्रैमासिकाने आणि इतर काहींनी खऱ्या रस्त्यावर, स्वारासह चाचण्या घेतल्या. एका मर्यादेपुढे दाब वाढवून वेग वाढत नाही, असे त्यांना आढळले. शर्यतीचे लोक आधी हसले. पण २०१० च्या दशकात २५ आणि मग २८ मिलिमीटरचे टायर 'तूर द फ्रान्स'मध्येही आले, आणि दगडी फरशीच्या 'पॅरिस–रूबे' शर्यतीत ३० मिलिमीटर व त्याहून रुंद टायर आता नित्याचे आहेत.

मडगार्डचा हिशेब

मडगार्डचे उत्तर इतके एकतर्फी नाही. ताशी २५ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. चाकाच्या परिघाचा वेग सायकलच्या सापेक्ष तेवढाच. मागच्या चाकाच्या अगदी पाठीमागच्या बिंदूवरून सुटलेला पाण्याचा थेंब सरळ वर जातो. हवेचा अडथळा सोडला तर त्याची उंची v²/2g, म्हणजे सुमारे २.५ मीटर. त्याहून वरच्या बिंदूंवरून सुटलेले थेंब वर आणि पुढे जातात. शर्टावर कण्याच्या बरोबर रेषेत चिखलाचा पट्टा उमटतो, तो यांचाच. पुढच्या चाकाच्या तळाजवळून सुटलेले थेंब मागे, पाय आणि चेन यांच्यावर जातात. म्हणून पुढचे मडगार्ड खालपर्यंत यावे लागते.

आता किंमत आणि फायदा तोलू. मडगार्डांच्या जोडीचे वजन अर्धा किलो धरले आणि ३०० मीटरचा घाट चढला, तर जादा काम सुमारे १.५ किलोज्यूल होते. स्वारासह ८५ किलोला त्याच चढाला सुमारे २५० किलोज्यूल लागतात. याउलट अंगावरच्या कपड्यांतले १०० ग्रॅम पाणी वाळायला सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागते, आणि थंड रात्री तिचा बराच वाटा शरीरातून जातो. वरून पडणारा पाऊस मडगार्ड अडवत नाही हे खरे. पण पाऊस थांबल्यावरही ओला रस्ता तासन्‌तास पाणी उडवत असतो, आणि सोबत आलेली वाळू चेन झिजवते. मागून येणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर जे उडते, तो हिशेब वेगळाच.

पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस आजही दर चार वर्षांनी होते. आता ती शर्यत नाही, ९० तासांच्या आत पूर्ण करायची सफर आहे. २००७ साली तेथे पाऊस आणि वारा इतका होता की अर्ध्यातून सोडणाऱ्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा खूप वाढले. तिच्या पात्रतेसाठीच्या २०० ते ६०० किलोमीटरच्या सफरी आता मुंबई-पुण्याहूनही निघतात, आणि ज्यांनी त्या जुलैत केल्या आहेत त्यांना मडगार्डचे महत्त्व सांगावे लागत नाही.

मडगार्डाची एक मोठी उणीव मात्र आपल्याकडच्या शेतकऱ्याला पक्की माहीत आहे. काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर टायर आणि मडगार्ड यांच्यात चिखल ठासून बसतो, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उपाय मडगार्ड काढणे हा एक, आणि चौकटीत भरपूर मोकळी जागा ठेवणे हा दुसरा. जागा असली की रुंद टायरही बसतो आणि मडगार्डही. म्हणून हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत: सायकल बनवताना चाकाभोवती जागा ठेवायची की नाही?

आमचे मत असे: गुळगुळीत धावपट्टीवर, कोरड्या दिवशी, तासाभराच्या शर्यतीत मडगार्ड हे ओझेच आहे. ताशी ४० किलोमीटरला हवेचा रोध सर्वांत मोठा शत्रू असतो. पण दिवसभर, रात्रीही, मिळेल त्या रस्त्यावर जायचे असेल, तर रुंद, लवचिक टायर आणि नीट बसवलेली मडगार्ड यांची जागा सायकलीवरच आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

पुढच्या चाकाच्या टायरला ओला रंग किंवा शाई लावा, खाली आलेख-कागद ठेवा आणि एका मुलाला सायकलीवर बसवून ठसा घ्या. हवा थोडी कमी करून पुन्हा घ्या. चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा आणि दोन्ही वेळचा दाब किती असेल याचा अंदाज बांधा. मुलाखाली वजनकाटा ठेवू नका, तो चाकाखाली हवा. काटा ठेवल्यावर दुसरे चाकही तेवढ्याच उंचीवर हवे, ते का, हे मुलांनाच विचारा.

दुसरा प्रयोग उताराचा. एकच सायकल, एकच मुलगा, पेडल न मारता ठरावीक जागेपासून सोडायची आणि कुठे थांबते ते मोजायचे. आधी डांबरी रस्त्यावर, मग खडीच्या रस्त्यावर, दोन्हीकडे दोन वेगवेगळ्या दाबांनी. प्रत्येक मोजमाप किमान पाच वेळा घ्या. दोन रस्त्यांची उत्तरे वेगळी आली, तर कोणते उत्तर 'बरोबर' यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.