"पडून राहा" हे वाक्य कोणी मोडलं? : कर्करोगाचे उपचार आणि व्यायाम यांचा इतिहास

संध्याकाळी आपल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेलं, की मधुमेहवाले भेटतात, बायपासवाले भेटतात, गुडघेदुखीवाले भेटतात. बहुतेकांना डॉक्टरांनीच चालायला पाठवलेलं असतं. पण ज्याची केमो चालू आहे असा माणूस तिथे सहसा दिसत नाही. तो घरी पलंगावर असतो, आणि त्याला तिथे ठेवणारे आपणच असतो. आमच्या घरी मावशीची केमो चालू होती, तेव्हा आम्ही तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. "तू फक्त पडून राहा," असं आम्ही प्रेमानंच म्हणत होतो. हे वाक्य आलं कुठून आणि ते मोडलं कोणी, हा आजचा विषय.

पहिली गोष्ट म्हणजे, ही समजूत अडाणीपणाची नव्हती. ती वैद्यकशास्त्राचीच होती. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती हाच इलाज होता. मुंबईची मंडळी आपल्या शेजारच्या देवळालीला हवापालटाला येत, तो हाच काळ. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसालाही कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत.

या समजुतीला धक्केही त्याच आजारांतून बसले. इंग्लंडमधल्या फ्रिमली इथे १९०५ मध्ये सुरू झालेल्या सॅनेटोरियममध्ये डॉ. मार्कस पॅटरसन यांनी क्षयरोग्यांना क्रमाक्रमानं काम द्यायला सुरुवात केली. आधी चालणं, मग टोपली उचलणं, मग फावडं. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी हृदयरोग्याला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवलं. आज ऐकायला साधं वाटतं, पण तेव्हा ते धाडस होतं.

मग १९६६ साली डल्लासमध्ये एक प्रयोग झाला. विशीतले पाच निरोगी तरुण तीन आठवडे नुसते झोपवून ठेवले. मेहनत करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे त्यांच्यात मोजलं. यालाच आपण व्यायामक्षमता म्हणू. ती पाव भागाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयानं जेवढी घट केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती असं दिसलं. म्हणजे विश्रांती फुकट मिळत नाही, तिचीही किंमत असते.

आता कर्करोगाकडे येऊ. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्या काळात जगभर मुख्य उपचार दोनच होते, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. स्तनाच्या कर्करोगात हॅल्स्टेड पद्धतीची मोठी शस्त्रक्रिया होई. त्यात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. गाठ जाई, पण खांदा आखडे, हात सुजे. वेणी घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं अवघड होऊन बसे.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर या बाईंवर अशीच शस्त्रक्रिया झाली. पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी नीट सांगितलं नाही. मग त्या स्वतःच इतर रुग्ण बायकांना भेटायला जाऊ लागल्या. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं, दोरीला बांधलेला चेंडू खेळवायचा, असे हाताचे व्यायाम त्या शिकवत. त्यातूनच 'रीच टू रिकव्हरी' ही चळवळ उभी राहिली. सुरुवात डॉक्टरनं नाही, रुग्णानं केली, हे आपण लक्षात ठेवू.

पुढे केमोथेरपी आली, आणि तिच्यासोबत तो विचित्र थकवा आला, जो झोपून जात नाही. इथेही पुढाकार परिचारिकांच्या क्षेत्रातल्या संशोधकांनी घेतला. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मेरी मॅकव्हिकार आणि मेरिल विनिंगहॅम यांनी केमो चालू असलेल्या बायकांना जागेवरच्या सायकलीवर बसवलं. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. १९८९ मध्ये त्यांनी ४५ जणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सायकल चालवणाऱ्यांची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली होती. दुष्टचक्र उलगडलं ते असं: थकलो म्हणून झोपलो, झोपलो म्हणून स्नायू गेले, स्नायू गेले म्हणून आणखी थकलो.

आपल्याकडेही काम झालं. टाटा स्मारक रुग्णालयानं स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांमध्ये योगाची चाचणी घेतली. सोपी आसनं, मध्ये विश्रांती आणि प्राणायाम, असा तो सौम्य योग होता. २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, रोगमुक्त जगण्यात योग गटाला सुमारे १५ टक्के सापेक्ष फायदा दिसला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, रोग बरा करण्याच्या हेतूनं उपचार चालू असताना व्यायाम सुचवावा, असं मार्गदर्शन दिलं. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया आणि केमो संपल्यावर ज्यांनी तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केला, त्यांच्यातले ९० टक्के आठ वर्षांनी हयात होते. ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली, त्यांच्यातले ८३ टक्के.

इथे थोडं सावध राहू. व्यायाम हा केमोला पर्याय नाही. ताप असेल, प्लेटलेट्स उतरल्या असतील, हिमोग्लोबिन फार कमी असेल, रोग हाडांत गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. काही औषधं हृदयावर ताण देतात, तेव्हाही तेच. आणि दुसरी चूक आपल्या घरांत हमखास होते. बाई जरा उठून चालायला लागली, की "बरी झाली" म्हणून सगळा स्वयंपाक तिच्या गळ्यात पडतो. झेपेल तेवढं चालणं वेगळं, आणि घराचा गाडा ओढणं वेगळं.

आमची मावशी शेवटी उठली ती तिच्या डॉक्टरांनी खडसावल्यावर. ती नव्हे, आम्ही खडसावले गेलो. पहिल्या दिवशी गॅलरीच्या टोकापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. चमत्कार काही झाला नाही. पण स्वतःचा तांब्या ती स्वतः भरून घेऊ लागली, आणि त्या दिवसापासून घरात ती नुसती पेशंट राहिली नाही. तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या घरी कोणाची केमो चालू असेल, तर "पडून राहा" म्हणण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: यांनी किती चालायचं? आणि मग चप्पल घालून त्यांच्यासोबत निघा.