दक्षिण आफ्रिका : मताचा हक्क आणि भाकरीचा प्रश्न

इ. स. १९९४ च्या एप्रिल महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंतील बहुसंख्य कृष्णवर्णीय जनतेनें प्रथमच राष्ट्रीय मतदान केलें. १० मे रोजीं नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि ज्या यादवीची भीति सर्वत्र व्यक्त होत होती ती टळली.

परंतु राज्य हातीं आलें म्हणजे जमीन हातीं येते, असें नाहीं. १९१३ च्या भूमि-कायद्यानें या बहुसंख्य समाजास देशांतील जेमतेम सात टक्के जमीन राखून ठेविली होती. १९३६ सालीं ती मर्यादा सुमारें तेरा टक्क्यांवर गेली. जमिनीवांचून राहिलेला शेतकरी खाणींत मजुरीस गेला. पुढें वर्णद्वेषी राजवटीनें त्याचें शिक्षण, वस्ती व व्यवसाय हींहि कायद्यानें जखडून टाकलीं.

सत्तांतर तडजोडीनें झालें. म्हणून १९९६ च्या राज्यघटनेनें एकीकडे मालमत्तेस संरक्षण दिलें व दुसरीकडे जमीनसुधारणेचें कर्तव्य सरकारवर सोंपविलें. तीस टक्के शेतजमीन पांच वर्षांत फिरून वांटण्याचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाहीं. घरें, वीज, पाणी व अनुदानें लक्षावधींस मिळालीं हें खरें. परंतु पुरेसा रोजगार निर्माण झाला नाहीं. २०२२ सालीं जागतिक बँकेनें १६४ देशांची तुलना केली, तेव्हां विषमतेंत हाच देश पहिला ठरला.

ऑगस्ट २०१२ मध्यें मारिकाना येथें वेतनवाढीसाठीं संपावर गेलेले चौतीस खाणकामगार पोलिसांच्या गोळीबारांत एकाच दिवशीं ठार झाले. जुलै २०२१ मध्यें माजी राष्ट्राध्यक्ष झुमा यांस न्यायालयाच्या अवमानाबद्दल कारावास झाला, तेव्हां निदर्शनांतून लुटालूट पेटली व साडेतीनशेंहून अधिक माणसें दगावलीं. निमित्त राजकीय होतें. त्यास इंधन मात्र दारिद्र्यानें पुरविलें.

तरीहि लोकशाही मोडली नाहीं. २०२४ सालीं आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचें तीस वर्षांचें बहुमत गेलें. त्या पक्षानें निकाल मान्य केला आणि प्रतिपक्षास सोबत घेऊन संयुक्त मंत्रिमंडळ बनविलें. धोका दिसतो तो अन्यत्र. १९९९ सालीं नोंदलेल्या मतदारांपैकीं सुमारें ८९ टक्के मतदानास आले होते. २०२४ सालीं सुमारें ५९ टक्केच आले. मतानें ज्याची भाकरी वाढत नाहीं तो बंड करीलच असें नाहीं. तो मतपेटीकडे मुकाट्यानें पाठ फिरवितो. आणि त्यानें सोडलेल्या जागीं उद्यां कोण येऊन उभा राहील, याची हमी कोणतीहि राज्यघटना देऊं शकत नाहीं.