डूलॅली

परवा इंग्लंडहून भाच्याचा फोन आला होता. ऑफिसातल्या गमतीजमती सांगता सांगता म्हणाला, "आमचा साहेब हल्ली पार डूलॅली झालाय." म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय! हा शब्द आपल्या देवळालीवरून आलाय, असं मी नको तो शहाणपणा करून आईला सांगून बसले. तिला निगडीत येऊन चाळीस वर्षं झाली, पण माहेर देवळाली कॅम्पचं. आधी गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या गावात असं काय वेडं दिसलं त्यांना?"

उत्तर शोधणं आलंच.

ब्रिटिश काळात देवळालीला सैन्याची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे जमायचे आणि मुंबईहून बोटीने मायदेशी जायचे. पण शिपायांच्या बोटी हिवाळ्याच्या मोसमातच सुटायच्या, साधारण नोव्हेंबर ते मार्च. शेवटची बोट गेल्यावर मुदत भरली, की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीत काढायचा.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक 1936 साली आलं. तो सांगतो, त्याच्या आधीच्या काळात या लोकांकडे शस्त्रंसुद्धा नसत. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी रूट मार्च, बाकी वेळ खायला उठायचा. वर्षानुवर्षं नाकासमोर चाललेले शिपाई घरी जायच्या तोंडावर भानगडी करून तुरुंगात गेले. कुणी विचित्र वागला की त्याला 'डूलॅली टॅप' झालाय म्हणायचे. ते त्या छावणीतल्या कंटाळ्यामुळे, असा रिचर्ड्सचा अंदाज. मला तो पटतो. (घरी जायचंय आणि गाडी नाही, ही अवस्था आपण सगळ्यांनी एसटी स्टँडवर अनुभवली आहे. इथे तर महिनोन् महिने!)

आता यातला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे. फारसीत 'तप' म्हणजे ज्वर, आणि आपला संस्कृत 'ताप' त्याचाच भाऊबंद. म्हणजे मूळ शब्द 'देवळालीचा ताप'. पुढे बोलता बोलता ताप गळून पडला, नुसतं गाव उरलं, आणि शिपायांचं वेड गावाच्या नावाला चिकटलं. बीबीसीवर 1974 ते 1981 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका चालायची, तिचे सुरुवातीचे भागही देवळालीतच घडतात. असो.

आईला हे सगळं सांगितलं. तिने लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "पण शेवटी बोट मिळायची ना त्यांना?"

मिळायची, म्हटलं.

मग तिने नातवाला फोन लावायला लावला. "नुसतं डूलॅली नको म्हणत जाऊस रे. पुढे ताप लावत जा."